माहितीपुस्तिका शिळी झाली, तर विचारायचे कुणाला?

मुक्त सॉफ्टवेअर कुणालाही विनामूल्य मिळते. पण ते वापरायचे कसे, हे सांगणारी पाने जुनी झाली तर ते हाती असूनही उपयोगाचे राहत नाही. ही पाने ताजी ठेवण्याचे काम कसे चालते, ते का रखडते आणि त्यात सामान्य वापरकर्त्याला काय करता येते, याचा हा आढावा.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी या गावाचे नाव २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे महाराष्ट्रातील घराघरांत पोहोचले. आजचा विषय त्या आंदोलनाचा नाही. पण तो समजून घेण्यासाठी अशाच एखाद्या गावातील विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. समजा, त्याने एक जुना लॅपटॉप मिळवला, त्यावर लिनक्स घातले आणि पायथॉन ही संगणकभाषा शिकायला घेतली. पुण्या-मुंबईतील नवशिक्याला अडचण आली तर क्लासमधील सर, वसतिगृहातील मित्र किंवा कार्यालयातील वरिष्ठ असे कुणीतरी विचारण्याजोगे असते. या मुलाजवळ असते ते फक्त त्या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावरील माहितीचे पान.

त्या पानावरील आज्ञा त्याने जशीच्या तशी टाइप केली आणि संगणकाने चूक दाखवली, तर पान जुने असावे अशी शंका त्याला येत नाही. आपल्यालाच हे जमत नाही, असा समज तो करून घेतो. माहितीपुस्तिका ताजी ठेवणे हे वरवर पाहता कारकुनी काम वाटते. परंतु एखादा नवशिका या क्षेत्रात टिकतो की बाहेर पडतो, हे अनेकदा त्याच कामावर ठरते.

डॉक्युमेंटेशन म्हणजे नेमके काय?

संगणकक्षेत्रात ज्याला 'डॉक्युमेंटेशन' म्हणतात, त्यात साधारणपणे चार प्रकारचे लेखन येते. नवशिक्याला हात धरून नेणारे पाठ, एखादे विशिष्ट काम कसे करावे याच्या कृती, प्रत्येक आज्ञेचा तपशील देणारी संदर्भसूची आणि अमुक गोष्ट अशीच का केली आहे याचे विवेचन. हे चारही प्रकार एकाच वेगाने शिळे होत नाहीत. विवेचन अनेक वर्षे टिकू शकते. संदर्भसूची बऱ्याच प्रकल्पांत थेट कोडमधील टिपांवरूनच तयार केली जाते, त्यामुळे ती कोडच्या बरोबर राहू शकते. सर्वांत लवकर बिघडतात ते पाठ आणि कृती, आणि नवशिक्याला सर्वाधिक गरज असते ती नेमकी त्यांचीच.

विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरबरोबर बहुधा विक्रेत्याचा मदत कक्ष असतो. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे परवाने मात्र कोणतीही हमी देत नसल्याचे स्पष्टपणे नमूद करतात. कोड पाहण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क ते देतात. मदतीचे बंधन कुणावरही घालत नाहीत. त्यामुळे अशा प्रकल्पात संकेतस्थळावरील माहितीपुस्तिका हाच बहुसंख्य वापरकर्त्यांसाठी मदत कक्ष असतो.

पाने शिळी का होतात?

गिटहब या संकेतस्थळाने २०१७ साली मुक्तस्रोत क्षेत्रातील लोकांची पाहणी केली होती. अपुरी किंवा कालबाह्य माहितीपुस्तिका ही अडचण ९३ टक्के सहभागींनी अनुभवली होती. मात्र आपण माहितीपुस्तिकेत क्वचितच भर घालतो किंवा कधीच घालत नाही, असे सांगणाऱ्या योगदात्यांचे प्रमाण ६० टक्के होते. अडचण सर्वांना दिसते, पण हात थोडेच लागतात, असा याचा अर्थ.

याला केवळ आळस कारणीभूत नाही. कोडमध्ये चूक झाली तर कार्यक्रम बंद पडतो, चाचण्या नापास होतात, तक्रारी येतात. माहितीच्या पानात चूक झाली तर काहीच घडत नाही. पान पूर्वीसारखेच उघडते आणि पूर्वीसारखेच नीटनेटके दिसते. त्याची चूक फक्त वाचणाऱ्याला भोवते, आणि तो बहुधा तक्रार न करताच निघून जातो.

पायथॉनचे उदाहरण बोलके आहे. या भाषेची तिसरी मोठी आवृत्ती डिसेंबर २००८ मध्ये आली. तिच्यात पडद्यावर मजकूर छापणाऱ्या 'प्रिंट' या साध्या आज्ञेपुढे कंस देणे आवश्यक झाले. दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी अधिकृतपणे संपला. पायथॉनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरील माहिती वेळेवर बदलली. परंतु तिच्यावर आधारलेल्या असंख्य लहानमोठ्या प्रकल्पांच्या पानांवर कंसाशिवायची आज्ञा पुढेही राहिली. ती टाइप करणाऱ्याला पहिल्याच ओळीला चूक दिसते.

पडद्यावरील मेनू बदलले की हाच प्रकार घडतो. लिबरऑफिस या मुक्त कार्यालयीन संचाच्या २०१६ मधील ५.१ या आवृत्तीत मेनूंची फेरमांडणी झाली. त्यापूर्वी हिशेबाच्या तक्त्यात नवी ओळ घालण्याची सोय 'इन्सर्ट' या मेनूत होती. ती नव्याने आलेल्या 'शीट' या मेनूत गेली. सोय तीच, फक्त जागा बदलली. पण जुना पाठ पाहून शिकणारा 'इन्सर्ट' उघडून शोधत बसतो.

मुंबईतील एक उदाहरण

या प्रश्नाची गुंतागुंत समजून घेण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. 'ईआरपीनेक्स्ट' हे व्यवसायाचा हिशेब, साठा, खरेदी-विक्री सांभाळणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर मुंबईतील फ्रॅपे टेक्नॉलॉजीज या कंपनीने घडवले आहे. रुशभ मेहता यांनी २००८ साली या कंपनीची सुरुवात केली. घरच्या फर्निचरच्या व्यवसायासाठी अशी प्रणाली बसवताना आलेल्या अनुभवातून हे काम उभे राहिले.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका दोन बाजूंनी शिळी होते. एक बाजू कोडची. ईआरपीनेक्स्टच्या २०२२ मधील चौदाव्या आवृत्तीत भारतातील वस्तू व सेवा कराशी संबंधित भाग मूळ सॉफ्टवेअरमधून काढून 'इंडिया कम्प्लायन्स' या स्वतंत्र ॲपकडे सोपवण्यात आला. कर्मचारी व पगाराचा भागही याच टप्प्यात वेगळा झाला. कराची मांडणी मूळ सॉफ्टवेअरमध्येच कुठे सापडेल हे सांगणारे आधीचे प्रत्येक पान त्यामुळे नव्या आवृत्तीपुरते चुकीचे ठरले.

दुसरी बाजू कायद्याची. येथे कोडची एकही ओळ न बदलता पान चुकीचे ठरू शकते. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला. ऑक्टोबर २०२० मध्ये ई-इन्व्हॉइस सक्तीचे झाले, तेव्हा उलाढालीची मर्यादा ५०० कोटी रुपये होती. ती टप्प्याटप्प्याने खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून कराच्या टप्प्यांची फेररचना झाली आणि १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बहुतांश वस्तूंसाठी संपले. कोणत्याही हिशेबी सॉफ्टवेअरच्या पानावर उदाहरण म्हणून १२ टक्के कराचे बिल दाखवलेले असेल, तर ते पान त्या दिवसापासून दिशाभूल करणारे झाले. ५०० कोटींची मर्यादा छापलेली असेल, तर एखादा लहान कारखानदार 'हे आपल्याला लागू नाही' असे समजून स्वस्थ बसेल. त्याचा भुर्दंड त्यालाच पडेल.

यावर ईआरपीनेक्स्टच्या विकासकांनी बसवलेला एक उपाय उल्लेखनीय आहे. सॉफ्टवेअरमध्ये नवी सोय जोडण्याचा प्रस्ताव आला की त्यासोबत माहितीच्या पानाचा दुवा दिला आहे का, हे एक छोटी आज्ञावली आपोआप तपासते. दुवा नसेल तर ही तपासणी नापास होते. माहितीत बदल करण्याची खरोखरच गरज नसेल, तर प्रस्ताव देणाऱ्याने तसे स्पष्ट लिहावे लागते. विसरणे आणि ठरवून वगळणे यांतील फरक ही तपासणी उघड करते.

या प्रकल्पाची माहितीपुस्तिका आरंभी कोडच्याच भांडारात होती. पुढे ती वेगळी झाली आणि कंपनीच्याच 'फ्रॅपे विकी' या सॉफ्टवेअरवर नेण्यात आली. दोन्ही पद्धतींत काही मिळते, काही सुटते. माहिती कोडजवळ ठेवली तर दोन्हींतील बदल एकत्र तपासता येतात. परंतु ती दुरुस्त करण्यासाठी प्रोग्रामरची अवजारे हाताळता यावी लागतात. विकीवर मात्र हिशेबनीस किंवा साठ्याचा व्यवस्थापकही चूक सुधारू शकतो, आणि प्रत्यक्ष वापरातील चुका बहुधा त्यालाच आधी दिसतात.

ताजेपणा राखण्याच्या पद्धती

गेल्या दोन दशकांत या कामाच्या काही पद्धती स्थिरावल्या आहेत. त्या थोडक्यात अशा:

आवृत्तीनुसार पाने: सर्व वापरकर्ते एकाच वेळी नव्या आवृत्तीवर जात नाहीत. जुनी पाने पुसून टाकली तर जुनी आवृत्ती वापरणारा उघडा पडतो; न पुसता ठेवली तर शोधयंत्र नवशिक्याला तिथेच नेऊन सोडते. म्हणून प्रत्येक आवृत्तीची पाने वेगळी ठेवली जातात. संकेतस्थळे बांधणाऱ्या 'जँगो' या प्रणालीच्या आधार संपलेल्या आवृत्त्यांच्या पानांवर तर ही आवृत्ती आता सुरक्षित नसल्याचा ठळक इशाराच दिलेला असतो.

आपोआप बांधणी: 'स्फिंक्स' हे माहितीपुस्तिका तयार करणारे अवजार २००८ मध्ये आले, पायथॉनच्या माहितीपुस्तिकेसाठी ते घडवले गेले होते. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'रीड द डॉक्स' या सेवेने पुढची पायरी गाठली. कोडच्या भांडारात बदल झाला की संकेतस्थळावरील पाने ती स्वतःच नव्याने बांधते. मजकूर दुरुस्त केला, पण संकेतस्थळावर चढवायचे राहून गेले, ही नेहमीची चूक त्यामुळे टळते.

उदाहरणांची चाचणी: पानावर छापलेले कोडचे नमुने संगणकाकडूनच चालवून पाहता येतात. पायथॉन आणि रस्ट या भाषांत तशी सोय आहे. नमुना चालला नाही तर चाचणी नापास होते आणि शांतपणे बिघडणारे पान कोडप्रमाणेच बोलू लागते.

दुव्यांची तपासणी: मृत दुवे शोधणाऱ्या आज्ञावल्या ठरावीक काळाने चालवल्या जातात. पान हलवले तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्या जागी पोहोचवण्याची व्यवस्था ठेवावी लागते. अन्यथा इतरांच्या लेखांतून, पुस्तकांतून दिलेले सारे दुवे एका रात्रीत तुटतात.

चित्रांबाबत काटकसर: पडद्याची चित्रे वाचकाला आवडतात, पण एक बटण सरकले तरी ती जुनी होतात आणि शब्दांसारखी चटकन दुरुस्त होत नाहीत. म्हणून जिथे शब्दांनी भागते तिथे चित्र टाळण्याकडे अनुभवी लेखकांचा कल असतो.

काढून टाकण्याचे धाडस: कुणीच सांभाळत नसलेले पान ठेवण्यापेक्षा ते मागे घेणे बरे. पान नसेल तर वाचक अन्यत्र शोधतो; चुकीचे पान त्याला चुकीच्या वाटेवर तासन्‌तास चालवते.

यंत्राने भागत नाही

या सर्व सोयी असूनही शेवटी कुणीतरी पान वाचून पाहावे लागते. मजकूर खरा आहे का, हे काही अंशी यंत्र सांगेल. तो नवशिक्याला कळतो का, हे सांगणार नाही. आणि हे काम करणारी माणसे मोजकीच असतात. लिनक्सच्या 'मॅन पेजेस' या संदर्भपानांचे उदाहरण घ्यावे. जगभरातील प्रोग्रामर रोज वापरत असलेली ही पाने २००४ पासून दीर्घकाळ मायकेल केरिस्क यांनी सांभाळली. त्यांच्यानंतर जबाबदारी घेतलेल्या आलेहांद्रो कोलोमार यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये आर्थिक पाठबळाअभावी काम थांबवत असल्याचे जाहीर केले. त्यानंतर काही कंपन्यांनी पुढे येऊन मानधनाची व्यवस्था केली आणि काम पुन्हा सुरू झाले. अब्जावधींच्या उद्योगाची संदर्भपाने एका माणसाच्या सवडीवर उभी होती, हे त्या निमित्ताने दिसले.

मराठीपुढील दुहेरी प्रश्न

भाषांतरित पान दोनदा शिळे होते: एकदा सॉफ्टवेअर बदलल्यावर आणि पुन्हा मूळ इंग्रजी पान सुधारल्यावर. मूळ पान दुरुस्त झाले तरी मराठी पान तसेच राहू शकते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या भाषांतरात वापरली जाणारी 'गेटटेक्स्ट' ही पद्धत यावर एक मार्ग देते. मजकूर वाक्यावाक्यांनी तोडून प्रत्येकाचे भाषांतर स्वतंत्र नोंदवले जाते. मूळ वाक्य बदलले की जुन्या भाषांतरावर संशयाची खूण लागते आणि ते वापरले न जाता त्या जागी मूळ इंग्रजी वाक्य दिसते. अर्धे मराठी, अर्धे इंग्रजी असे पान डोळ्यांना खटकते. पण चुकीच्या मराठी वाक्यापेक्षा बरोबर इंग्रजी वाक्य बरे, हा त्यामागील विचार योग्यच म्हणावा लागेल.

पवई येथील आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने वेगळी वाट निवडली. प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले जातात. शिक्षक जवळ नसताना एकट्याने शिकता यावे, हा त्यांचा हेतू आहे. निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत असते. पडद्यावरील सॉफ्टवेअर मात्र इंग्रजीतच दिसते. पाठ प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याची संहिता विषय न जाणणाऱ्या नवशिक्याकडून तपासून घेण्याची पद्धतही या प्रकल्पात आहे.

ताजेपणाच्या दृष्टीने या पाठांतील एक साधी सवय अनुकरणीय आहे. पाठाच्या आरंभीच कोणती आवृत्ती वापरली आहे हे सांगितले जाते. लिबरऑफिसच्या जुन्या पाठांत उबुंटू १०.०४ आणि लिबरऑफिस ३.३.४ असा उल्लेख ऐकू येतो. त्या आवृत्त्या २०१० आणि २०११ च्या. आज ते पाठ ऐकणाऱ्याला मेनू जुळत नसल्याचे जाणवले, तरी कारण त्याच्या हाती असते: पाठ जुन्या आवृत्तीचा आहे, आपली समज कमी पडलेली नाही. लिबरऑफिसने २०२४ पासून आवृत्तीला वर्ष व महिना यांवरून क्रमांक देण्यास सुरुवात केली. २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी. एखादे पान किती जुने आहे, हे आता क्रमांकावरूनही कळू शकते.

वाचकाने काय करावे?

मुक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्याने पानावरील सूचना पाळण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात: पान कोणत्या आवृत्तीसाठी आहे आणि आपल्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे. सूचना चालली नाही तर ती चूक आपलीच, असे गृहीत धरू नये.

चूक सापडली तर ती कळवावी. अनेक संकेतस्थळांवर पानाच्या कडेला किंवा तळाशी 'हे पान संपादित करा' अशा अर्थाचा दुवा असतो. कळवताना पानाचा पत्ता, आपली आवृत्ती, आपण काय केले आणि काय दिसले, या चार बाबी पुरेशा होतात. प्रोग्रामिंग येत नसले तरी हे काम करता येते. किंबहुना, नुकताच शिकू लागलेला माणूस यासाठी अधिक योग्य. जाणकाराला गाळलेली पायरी दिसतच नाही, कारण ती तो मनातल्या मनात भरून घेतो.

मात्र नावापुरता बदल करू नये. ऑक्टोबर २०२० मध्ये 'हॅक्टोबरफेस्ट' या उपक्रमात टी-शर्ट मिळवण्यासाठी माहितीच्या पानांत निरर्थक शब्द घुसडणाऱ्या प्रस्तावांचा पूर आला होता. प्रकल्प सांभाळणाऱ्यांचा वेळ ते नाकारण्यातच गेला. अखेर आयोजकांना नियम बदलून, ज्या प्रकल्पांनी आपणहून संमती दिली त्यांच्यापुरताच हा उपक्रम मर्यादित करावा लागला. शिळे वाक्य दुरुस्त करणारा एक प्रस्ताव अशा शंभर प्रस्तावांहून मोलाचा असतो.

शहरातील प्रोग्रामरला पान जुने निघाले तर त्याचा अर्धा तास वाया जातो. तो कुणाला तरी विचारतो आणि पुढे जातो. विचारायला कुणी नसलेल्या विद्यार्थ्याचे शिक्षण मात्र त्याच ओळीवर थांबू शकते. ती ओळ वेळेवर दुरुस्त करणाऱ्याला त्या विद्यार्थ्याचे नाव कधीच कळत नाही. पण त्याचा पुढचा धडा सुरू झालेला असतो.